‘एकदा विकलेला माल’ : बुलढाणा जिल्ह्यातील व्यापाऱ्यांस अनावृत पत्र

बुलढाणा जिल्ह्यातील समस्त किरकोळ व्यापारी आणि त्यांच्या व्यापारी संघांचे पदाधिकारी यांस,



दसरा-दिवाळीचा हंगाम समीप आला, सोयाबीनची मळणी आणि पराटीची पहिली वेचणी आटोपून कास्तकाराच्या हाती चार पैसे आले, की आपल्या बाजारपेठांतून एक आवाहन नेमाने कानी येऊ लागते. कधी ते चौकातील फलकावर झळकते, कधी दुकानाच्या काचेवर डकवलेल्या कागदावर, तर कधी मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशात, आणि त्याचा मजकूर थोड्याफार शब्दभेदाने एकच असतो : परक्या कंपन्यांकडून घरबसल्या माल मागवू नका, आपला पैसा आपल्याच गावात राहू द्या, अडीअडचणीला धावून येणार तो आपल्या गावचा दुकानदारच. हे आवाहन मी उपहासाने वाचत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाची चिंता खरी आहे; जागेचे भाडे, विजेचे देयक, नोकरांचे पगार, घाऊक व्यापाऱ्याचा तगादा आणि बँकेचे हप्ते यांच्या ओझ्याखाली तो गिऱ्हाइकाची वाट पाहत असता, त्याच्याच दारावरून पाठीला भलामोठा झोळा लावलेला एखादा तरुण मोटारसायकलीवरून पार्सले वाटीत जातो, हे दृश्य त्याला सुखावह कसे वाटावे? परंतु ज्या पत्रकात गिऱ्हाइकाचे कर्तव्य सविस्तर सांगितले आहे आणि दुकानदाराच्या कर्तव्याविषयी अवाक्षर नाही, ते पत्रक म्हणजे एकतर्फी करारनामा होय. आणि त्यावर सही करण्यापूर्वी दुसऱ्या पक्षाला आपले म्हणणे मांडण्याची मुभा असावी, एवढ्याच अधिकाराने हे पत्र लिहीत आहे. मी खामगावचा एक सामान्य गिऱ्हाईक आहे. माझ्या घरचे वाणसामान आपल्यापैकीच एका दुकानातून येते, आणि माझ्याच घरच्या दाराशी आठवड्यातून एखादे पार्सलही येते. अशा दुटप्पी वर्तनाची लाज वाटावी असे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

दूरच्या माणसाकडून, न पाहता, माल मागवणे हा काही कालपरवाचा शोध नव्हे, आणि आपल्या जिल्ह्याला तर तो मुळीच अपरिचित नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासू लागली आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साहेबाचे लक्ष वेधले. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंतचा, जेमतेम तेरा किलोमीटरांचा लोहमार्ग व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, तारायंत्राची सोय झाली, आणि आदल्याच वर्षी खुल्या झालेल्या सुएझ कालव्यामुळे मुंबईहून निघालेली आगबोट एकवीस दिवसांत लिव्हरपूल गाठू लागली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने वऱ्हाडात मागणी नोंदवावी आणि अवघ्या सहा आठवड्यांत कापसाच्या गाठी आपल्या धक्क्यावर उतरवून घ्याव्यात, इतकी मजल त्या काळी गेली होती. आज खामगावचा विद्यार्थी काचेवर बोट टेकवून जे करतो, तेच तेव्हा लिव्हरपूलचा सावकार खामगावच्या बाबतीत करीत होता. मागणी तिकडून येई आणि माल येथून जाई, एवढाच काय तो फरक.

तथापि माल डोळ्यांना दिसत नसल्यामुळे उद्भवणारा संशय तारेने मिटला नाही आणि आगबोटीनेही मिटला नाही. कापसात सरकी, कचरा आणि पाणी मिसळल्याच्या फर्यादी इतक्या वाढल्या होत्या, की मुंबई सरकारला १८६३ मध्येच त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. युरोपीय पेढ्यांनी खामगावसारख्या पेठांत आपले मुखत्यार आणून बसवले, प्रत ठरवण्याची रीत आली, गाठींवर छाप आले, आणि वाद उद्भवल्यास तो कोठे व कोणापुढे मिटवावयाचा याचे दंडक ठरले. दूरच्या व्यापाराची उभारणी अशी झाली : माल वाईट निघाला तर जाब कोणाला विचारावयाचा, या प्रश्नाचे उत्तर आधी तयार करावे लागले, आणि मग पैसा निर्धास्तपणे वाहू लागला.

त्या वाटेने गाठी गेल्या आणि त्याच वाटेने कापड परत आले, आणि ज्या मेहकरच्या विणकरांची धोतरे एके काळी नावाजलेली होती त्यांचे माग यंत्राच्या सुतापुढे थंडावत गेले, हा इतिहास आपणांस ज्ञात आहेच. ‘आपला पैसा आपल्या गावात’ हे आपले घोषवाक्य त्या दुःखातूनच जन्मले. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादीचा पोशाख करून गेले. वंगभंगानंतर लोकमान्यांनी बहिष्काराचा मंत्र महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोचवला. पण आपण त्या पिढीकडून घोषवाक्य उचललेत आणि तिचा उद्योग मात्र मागे ठेवलात, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. त्या लोकांनी केवळ व्याख्याने दिली नाहीत. १९०६ साली मुंबईत स्वदेशी मालाचे सहकारी भांडार उघडले गेले, आणि अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. विलायती वस्तू टाकून द्या असे गिऱ्हाइकाला सांगावयाचे तर त्याच्या हाती दुसरे काहीतरी ठेवले पाहिजे, हे त्यांना उमगले होते. शिवाय आपल्या आवाहनातील ‘परके’पणा मोठा चमत्कारिक आहे. खामगावच्या औद्योगिक वसाहतीत हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना आहे. त्याची वडी आपल्या फळीवरून घेतली काय किंवा घरपोच मागवली काय, ती तितकीच देशी अथवा तितकीच परकी राहते. जो मिक्सर, जो दूरचित्रवाणी संच, जी बुटांची जोडी लोक दूरवरून मागवतात, तीच आपल्या दुकानात मांडलेली असते. तेव्हा प्रश्न मालाच्या जातकुळीचा नाही. विकणाऱ्याच्या वर्तनाचा आहे.

टपाल खात्याने १८७७ मध्ये सुरू केलेली व्हॅल्यू पेएबलची पद्धत, जिला चार पिढ्या ‘व्हीपी’ या दोनच अक्षरांनी ओळखत आल्या, ती आठवून पाहा. नियतकालिकांतील जाहिराती वाचून लोक मुंबई-कलकत्त्याहून पुस्तके, घड्याळे, केशतेले आणि ताकदीची औषधे मागवीत. पोस्टमन पार्सल आणी, पैसे मोजल्यावाचून ते हाती पडत नसे, आणि फोडल्यावर आत जे निघेल ते नशिबाचे. घड्याळ बंद निघाले तर कलकत्त्याला पत्र लिहावयाचे आणि उत्तराची वाट पाहावयाची. पत्राला उत्तर आले नाही, तर प्रकरण तेथेच दप्तरदाखल. म्हणून त्या काळचा शहाणा गृहस्थ मुलांना बजावीत असे की, दोन पैसे अधिक पडले तरी चालतील, पण वस्तू पाहून, पारखून, ओळखीच्या दुकानातून घ्या. ओळखीचे दुकान म्हणजे आपण. विश्वासाचे सारे भांडवल त्या वेळी आपल्या गाठी होते आणि दूरच्या विक्रेत्याजवळ त्यातली कवडीही नव्हती; हे भांडवल गेले कोठे, हा या पत्राचा खरा विषय आहे.

दूरचा विक्रेता मध्यंतरी स्वस्थ बसला नव्हता. १९७२ च्या १५ ऑगस्टला टपाल खात्याने सहा अंकी पिनकोड अमलात आणला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी कवी होते, आणि आपण योजलेल्या त्या सहा आकड्यांवर पुढे एवढ्या मोठ्या व्यापाराचा डोलारा उभा राहील, हे त्यांच्या कल्पनेतही आले नसेल. आज ४४३००१ म्हटले की बुलढाणा आणि ४४४३०३ म्हटले की खामगाव, हे भिवंडीच्या गोदामातील यंत्राला आपल्या तलाठ्याइतके पाठ आहे. २००७ साली बेंगळुरूला फ्लिपकार्टने पुस्तकांपासून आरंभ केला; २०१० मध्ये माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय त्या कंपनीने दिली, म्हणजे जुनी व्हीपीच नव्या वेषात आली. पण तिच्या जोडीला जे आले ते व्हीपीच्या काळी कधीच नव्हते : माल पसंत नसेल, फुटका निघाला, आखूड पडला, रंग वेगळा दिसला, तर ठरलेल्या मुदतीत तो परत न्यावयास माणूस दाराशी येईल आणि पैसे परत मिळतील. स्वस्ताई, घसघशीत सवलती, बँकांच्या सूटयोजना, हे सारे त्यामागून आले. भीती प्रथम या एका वचनाने गेली.

आता आपल्या दुकानात येऊ. आपल्यापैकी कित्येकांच्या गल्ल्यामागे, लक्ष्मीच्या तसबिरीच्या आसपास कोठेतरी, एक पाटी टांगलेली असते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ माझे प्रामाणिक मत असे आहे की, दूरच्या कंपन्यांच्या साऱ्या सवलतींनी मिळून आपली जितकी गिऱ्हाइके नेली नसतील तितकी या एका पाटीने घालवली आहेत. ही पाटी गिऱ्हाइकाला दुकानाचा उंबरा ओलांडताच सांगते, की पैसे गल्ल्यात पडल्याक्षणी आपला संबंध संपला. आणि मग त्याच दुकानदाराने दिवाळीत आपुलकीच्या संबंधाची आठवण करून द्यावी, ही विसंगती कोणाच्याही ध्यानात येण्यासारखी आहे. शिष्टाचाराचे सोडा, कायद्याच्या दृष्टीनेही त्या पाटीला काही आधार उरलेला नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, त्याच्या दुसऱ्या कलमात अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या दिली आहे. तीत पावती न देणे ही एक प्रथा सांगितली आहे, आणि सदोष माल पावतीवर नमूद केलेल्या मुदतीत, व तशी मुदत नमूद नसेल तर तीस दिवसांच्या आत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही दुसरी. हे कलम बेंगळुरूच्या कंपनीला जितके लागू आहे तितकेच मलकापूरच्या आणि चिखलीच्या दुकानालाही लागू आहे. म्हणजे जे दूरचा विक्रेता औदार्याच्या आविर्भावात देतो, त्यातील सदोष मालापुरता भाग आपणही देणे लागता; फक्त त्याने त्याची जाहिरात केली आणि आपण त्याच्या उलट पाटी लावलीत.

एका दुकानातून घेतलेला मिक्सर माझ्या घरी आठवडाभरात जळला. तो घेऊन गेलो असता मालकांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता, हा कंपनीचा प्रश्न आहे, अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरला जा, असे सांगितले. मिक्सर बिघडू शकतो. त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचे कारण नव्हते. परंतु कंपनीशी माझा व्यवहार झालेलाच नव्हता, मी पैसे मोजले होते ते त्यांच्या हाती. आणि अकोल्याची खेप त्यांच्या दुकानातील एखाद्या नोकराने आठवड्यातून एकदा सर्वांच्या वतीने केली असती, तर त्या रस्त्यावरील यच्चयावत गिऱ्हाइके त्या दुकानाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली असती.

याहून नाजूक अशी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या आवाहनात कधीच येत नाही. आपल्या दुकानाचा गल्ला सर्वांना सारखा नव्हता. घाटाखालच्या खेड्यातून आलेल्या अडाणी दिसणाऱ्या माणसाला एक भाव आणि शहरातील मास्तरांना दुसरा, ही गोष्ट आपण जाणता आणि आम्हीही जाणतो. भाव करणे ही कोणाची हौस असेल, पण ज्याला ते साधत नाही त्याच्यावर तो एक कर होता. ज्या गावात प्रत्येकाची जात प्रत्येकाला ठाऊक, त्या गावात पायरीशी ताटकळत उभे राहण्याचा अनुभव ज्या आजोबांनी घेतला, त्यांच्या नातवाला आडनाव न विचारता, पायरीकडे न पाहता, छापील किमतीत वस्तू देणारा व्यवहार आवडला, तर त्याला गावाभिमानाचा उपदेश कोणत्या तोंडाने करावयाचा? आणि स्त्रियांना जे कपडे, ज्या आरोग्याच्या वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून, इकडेतिकडे पाहत, ओळखीच्या पुरुषाच्या हातून घ्याव्या लागत, त्या त्यांना आता बंद डब्यातून घरी मिळतात. लोणार किंवा संग्रामपूरसारख्या ठिकाणी मराठी कादंबरी हवी असलेल्या वाचकाचेही तेच. आपल्या बाजारातील पुस्तकांची दुकाने बहुतांशी गाइडे आणि वह्या विकतात, आणि त्यात त्यांचा दोष मी मानीत नाही, कारण त्यांचे पोट त्यावर चालते, पण वाचकाने मग पुण्यामुंबईकडे मागणी नोंदवली तर त्याला गावाचा द्रोही म्हणू नये. या तिन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांना आपण गमावलेले नाही. ते कधी मनापासून आपले नव्हतेच.

इतके कठोर लिहिल्यावर आपल्या बाजूचे जे आहे तेही तितक्याच मोकळेपणाने लिहिले पाहिजे, आणि त्यात अग्रस्थान उधारीचे आहे. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या या जिल्ह्यात जूनमध्ये पेरणी होते आणि पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे. मधले चार-पाच महिने कास्तकाराच्या घरची चूल किराणा दुकानाच्या खातेवहीवर पेटते. पाऊस दगा देऊन गेला, बोंडअळीने पराटी खाल्ली, की दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, चार शब्द बोलतो, आणि अखेर नाव पुढच्या हंगामाच्या पानावर ओढून घेतो. ही पत कोणत्याही यंत्राने अजून मोजलेली नाही. मोबाइलवरही आता ‘नंतर पैसे द्या’ अशा योजना निघाल्या आहेत, पण त्यांची मुदत पावसाला ओळखत नाही, आणि हप्ता चुकला की दंड आकारला जातो. उधारीची दुसरी बाजू मी विसरलेलो नाही. उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव विचारण्याची सोय नसते, पावती मागण्याची तर नसतेच, आणि एका दुकानात खाते असलेला माणूस दुसऱ्या दुकानात जाताना तोंड चुकवून जातो. तरीही दुष्काळाच्या वर्षी या खातेवह्या नसत्या तर कित्येक घरांत काय झाले असते याचा विचार करवत नाही. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि घरपोच व्यापारही केवळ जीवनावश्यक वस्तूंपुरता उरला, तेव्हा अर्धे दार उघडे ठेवून, तोंडाला रुमाल बांधून तांदूळ, तेल आणि साखर मोजून देणारे कोपऱ्यावरचेच दुकान होते, हेही माझ्या वहीत जमेला धरले आहे.

दूरच्या बाजाराचीही झडती घेतली पाहिजे, कारण तेथेही सारे सोने नाही. मालाचा खरा विक्रेता कोण, हे तेथे बारीक अक्षरांत दडलेले असते. केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याचे नाव-पत्ता व मालाचा मूळ देश दाखवणे बंधनकारक केले, तक्रार अधिकारी नेमावयास लावले, अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याच्या आत निकाल अशी मुदत घातली, तेव्हा कोठे थोडा उजेड पडला. ‘फक्त दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई, टोपलीत न मागता सरकवलेली वस्तू, शेवटच्या पायरीवर वाढणारी किंमत, ‘नको, मला बचत करावयाची नाही’ असे आपल्याच तोंडून वदवून घेणारे बटण, अशा तेरा क्लृप्त्यांची यादी करून सरकारने त्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी निषिद्ध ठरवल्या. म्हणजे त्या प्रचलित होत्या हे उघडच आहे. बाजारपेठ चालवणाऱ्या परक्या भांडवलाच्या कंपनीने स्वतः माल साठवून विकू नये असा दंडक असताना काही ठराविक विक्रेत्यांना झुकते माप मिळते, या दिल्लीतील व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. तोटा सोसून प्रतिस्पर्ध्याला बाजारातून उठवावयाचे आणि मैदान मोकळे झाल्यावर भाव आपल्या मर्जीने ठरवावयाचे, ही आपली धास्ती पोकळ नाही. त्या बाबतीत आपण कायद्याकडे दाद मागता ते रास्तच आहे, आणि त्या अर्जावर माझीही सही घ्यावी. मी स्वतः औषध, बी-बियाणे, डाळ-तांदूळ आणि ज्याची दुरुस्ती पुढे अटळ आहे असे यंत्र डोळ्यांआड घेत नाही. बियाण्याचा वांधा झाला तर पंचनाम्याला शेतावर येणारा माणूस हवा. चमकदार चित्र पाहून घेतलेल्या पिशवीचा हंगाम परत येत नाही.

विक्रेता जवळचा असावा की दूरचा, या वादात तिसऱ्या एका वाटेचा महाराष्ट्राला जवळजवळ विसर पडला आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावी, संस्थेने माल घाऊक दराने, पारखून आणावा, आणि तो संघाच्या दाराशी येऊन सदस्यांनी आपसांत वाटून घ्यावा, अशी ती रचना. घरबसल्या मागणी आणि घरपोच माल या दोन्ही गोष्टी तीत होत्या. मध्ये परके भांडवल तेवढे नव्हते. आपल्या बुलढाण्यातच १९८६ साली स्थापन झालेली बुलढाणा अर्बन ही पतसंस्था आज महाराष्ट्राबाहेरही पसरली आहे. पैशाच्या बाबतीत जिल्ह्याला जे साधले, ते दुकानदारीच्या बाबतीत असाध्य का असावे? घाटावरच्या आणि घाटाखालच्या दुकानांनी मिळून एक सामायिक गोदाम ठेवले, एक-दोन गाड्या फिरवल्या, दूरध्वनीवर मागणी घेतली, आणि मेहकरला नसलेली वस्तू चिखलीच्या दुकानातून दुसऱ्या दिवशी आणून दिली, तर भिवंडीहून चार दिवसांनी येणाऱ्या पार्सलाची वाट कोण पाहत बसेल? केंद्र सरकारच्या प्रेरणेने निघालेले ओएनडीसी हे डिजिटल व्यापाराचे खुले जाळे या कामी उपयोगी पडू शकते; मात्र केवळ जाळ्यात नाव नोंदवले म्हणून गिऱ्हाईक येत नाही, मागितलेला माल वेळेवर पोचवणारी गाडी आपल्या दाराशी उभी असावी लागते.

आणि विश्वास हेच भांडवल, हे आपल्याला बाहेरच्या कोणी शिकवावे अशी परिस्थिती नाही. खामगावला रजतनगरी म्हणतात ते येथे चांदीची खाण आहे म्हणून नव्हे. चांदी कोठूनही आणता येते. परंतु येथील चांदी शुद्ध मिळते या ख्यातीवर लोक परगावाहून प्रवास करून येतात, आपल्या गावच्या सराफाला ओलांडून येतात, आणि तसे करताना त्यांच्या गावचे लोक त्यांना द्रोही म्हणत नाहीत. मेहकरच्या वा अकोल्याच्या गिऱ्हाइकाने आपले गाव सोडून खामगावला यावे हे ज्यांना गैर वाटत नाही, त्यांनी खामगावच्या गिऱ्हाइकाने खामगाव सोडून मोबाइलकडे वळावे याचे मात्र एवढे वैषम्य मानावे, हे न्यायाला धरून नाही.

म्हणून माझी विनंती मोजकी आहे. येत्या दसऱ्याला आवाहनाचा फलक लावण्यापूर्वी आपापल्या दुकानातील ती पाटी उतरवावी, आणि तिच्या जागी सदोष माल तीस दिवसांत परत घेतला जाईल असे स्वच्छ अक्षरांत लिहावे. मागितल्यावाचून पक्की पावती द्यावी; ‘पावती हवी असेल तर जीएसटी वेगळा पडेल’ हे वाक्य आपल्या बाजारातून कायमचे हद्दपार व्हावे. किंमत वस्तूवर चिकटवावी, मग ती घाटाखालच्या माणसाला आणि मास्तरांना एकच राहील. विजेच्या वस्तू विकणाऱ्यांनी आपसांत वर्गणी करून दुरुस्तीचा माल अकोल्याला नेण्या-आणण्याची व्यवस्था करावी. आपल्या संघाने ही नियमावली छापून त्यावर ज्या दुकानदारांची सही होईल त्यांची यादी प्रसिद्ध केली, तर ती यादी मी माझ्या घराच्या दारामागे लावीन आणि त्या यादीतील दुकानांत जे मिळते ते अन्यत्र शोधणार नाही. भावात थोडा फरक पडला तर तो मी सोसीन. सोसणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. मात्र सही न करणाऱ्यांच्या वतीने कोणी माझ्या देशप्रेमाची परीक्षा घेऊ नये.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक गिऱ्हाईक
खामगाव

ता. क. — हे पत्र वाचणाऱ्या अन्य गिऱ्हाइकांसाठी : नव्या कायद्यान्वये तक्रारदार जेथे राहतो वा पोटासाठी काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही फर्याद नोंदवता येते, त्यामुळे बेंगळुरूच्या कंपनीविरुद्धची तक्रारही बुलढाण्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे चालू शकते; पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. त्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवून पाहावा. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारला जातो : पावती आहे काय?